मेंटर हँडबुक: छापायचं, गूगल डॉक करायचं की पंच फाईल?

रामबागेतल्या एका ताईंचा परवा फोन आला. त्यांच्या कॉलेजातलं मेंटर लोकांचं (म्हणजे मुलांना नियम, परीक्षा, स्कॉलरशिप समजावून सांगणाऱ्या सरांचं) हँडबुक अपडेट करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलंय आणि प्रिन्सिपल म्हणतात, दोन दिवसांत सांगा छापायचं की ऑनलाइन टाकायचं. मी हे काम इंदूरच्याच एका कॉलेजात (नाव नको) केलंय आणि तिन्ही प्रकार करून झालेत, म्हटलं फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच टाकावं, अजून कोणाला लागलं तर.

आधी छापील. समोर मुलगा आणि त्याचे बाबा बसलेत, नेट गेलंय, पान उघडायचं आणि बोट ठेवून दाखवायचं, ह्याला तोड नाही. छापलेलं असलं की पालकांनाही पटतं. पण आमच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की एका वेळी एकच डिग्री करता येते, आणि एप्रिल 2022 मध्ये यूजीसीने दोन डिग्र्या एकत्र करायला परवानगी दिली (दोन्ही रेग्युलर असतील तर क्लासच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत एवढंच). आम्ही नोटीस लावली, तरी काही सर पुढचं वर्षभर त्याच पानावरून मुलांना नाही म्हणत राहिले. छापलेलं परत गोळा करता येत नाही हो, प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एक प्रत असतेच. आणि दर जूनला खजुरी बाजारात कोटेशनं घेत फिरायचं ते वेगळंच.

मग गूगल डॉक. खर्च काही नाही, बदल आला की लगेच सगळ्यांना दिसतो, शोधायला सोपं. फोन नंबर, स्कॉलरशिपच्या तारखा, पोर्टलच्या लिंका, ह्यांच्यासाठी डोळे झाकून हेच घ्या. नियमांसाठी मात्र आम्ही तोंडावर आपटलो, कारण नियम लागतो तो मुलाच्या ॲडमिशनच्या वर्षाप्रमाणे, आजच्या तारखेप्रमाणे नाही. आपल्या मध्य प्रदेशात नवीन शिक्षण धोरण 2021-22 पासून लागलं, म्हणजे 2020 ला आलेली मुलगी जुन्या पद्धतीत आणि तिचाच भाऊ एक वर्षाने आला तर तो मेजर-मायनर-व्होकेशनलमध्ये (मुख्य विषय, जोडविषय आणि कामधंद्याचा विषय). कोणीतरी उत्साहाने डॉकमधला जुना भाग खोडून नवा टाकला, आणि मग 2020 ची एक मुलगी एटीकेटीचं विचारायला आली तर तिला दाखवायला काही नाही. डॉकच्या हिस्टरीत जुनं सापडतं हे मान्य, पण समोर मुलगी रडवेली होऊन बसलीय आणि आपण माउस घेऊन मागची मागची तारीख उघडतोय, छान दिसत नाही ते.

आणि जुनं किती वर्षं ठेवायचं? क्रेडिट बँकेत, म्हणजे एबीसीत (मुलाने पूर्ण केलेल्या अभ्यासाचा हिशोब क्रेडिटच्या रूपात जमा ठेवणारं ऑनलाइन खातं), जमा झालेले क्रेडिट सात वर्षं चालतात. यूजीसीच्या 2022 च्या फ्रेमवर्कप्रमाणे पहिल्या वर्षाचे 40 क्रेडिट घेऊन सर्टिफिकेटवर बाहेर पडलेला मुलगा तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो, तेव्हा तो गेला तेव्हाचं पान पण लागतं. (बाहेर पडायच्या आधी उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्होकेशनल कोर्स करावा लागतो, ही ओळ निम्म्या हँडबुकांत नसतेच, तेवढी नक्की टाका.) माझ्या हिशोबाने सात वर्षांच्या आत काहीच फेकू नये.

पंच फाईल ऐकायला सगळ्यात शहाणी वाटते. प्रत्येक पानाखाली बॅच आणि तारीख, बदललं तेवढंच पान बदला, जुनं मागच्या भागात लावा. झालं काय, तर पानं वाटली आणि ती टेबलावर चहाच्या कपाखाली गेली. एक बाबू ठरवून सगळ्यांच्या फायली स्वतः बदलणार असेल तरच ह्या वाटेला जा, छोट्या कॉलेजात ते जमतंही.

मी असतो तर दोन तुकडे करीन. नियमांची बॅचवार पीडीएफ, 2021 ची वेगळी, 2024 ची वेगळी, लॉक केलेली, दुरुस्ती आलीच तर खोडायचं नाही, वरती तारीख घालून एक ओळ. बाकी रोज बदलणारं सगळं डॉकमध्ये, आणि एडिटचा हक्क दोघांनाच, बावीस जणांना नाही. छापायचं फक्त एक पान, कुठल्या बॅचला कुठली फाईल, ते काचेखाली ठेवून द्यायचं. नॅकवाल्यांना (कॉलेज तपासून ग्रेड देणाऱ्यांना) जाडजूड पुस्तकच दाखवायचं असेल तर पीडीएफच्या चार प्रती स्पायरल करून घ्या, त्यासाठी दोनशे कशाला छापायच्या.

ताईंना म्हटलं, आधी एक करा, कपाटातले जुने गठ्ठे काढायच्या आधी दर वर्षाची एकेक प्रत बाजूला ठेवा. तर म्हणाल्या, अहो रद्दीवाला सकाळीच येऊन गेला. आता जुन्या सरांच्या ड्रॉवरमध्ये शोधतायत.