आत्यासाठी एक सीट की दोन?

माझी आत्या ठाण्यात चरईला राहते. वजन ११५ किलो. मागे दिल्लीला जाताना शेजारच्या गृहस्थांनी एक शब्द न बोलता आर्मरेस्ट खाली दाबला. दोन तास तिने हात छातीशी धरून काढले. उतरली तेव्हा दंडावर वळ होता. आता पुन्हा जायचंय, म्हणून आधी माप घेतलं. तिला दिवाणावर बसवलं, दोन्ही बाजूंनी जाड वह्या उभ्या टेकवल्या आणि मधलं अंतर टेपने मोजलं: साडेएकवीस इंच.

इकॉनॉमीची सीट एअरबस ३२० मध्ये साधारण १८ इंच, बोइंग ७३७ मध्ये १७. तुमचं माप अठराच्या आसपास असेल, तर हा एक इंच फार मोठा आहे. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटतात. तिथून अकासा घेतलीत तर ७३७ च मिळणार. बुकिंग करताना विमानाचा प्रकार दिसतो, तो बघूनच पैसे भरा.

पैसे देऊन पहिली रांग घ्यावी असं सगळे सुचवतात. घेऊ नका. तिथे पाय मोकळे राहतात, पण ट्रे आर्मरेस्टमध्ये असल्यामुळे आर्मरेस्ट वर उचलता येत नाही. जाड माणसाला ती रांग उलट जास्त आवळते. इमर्जन्सी दाराजवळच्या रांगेत एक्स्टेन्शन बेल्ट (सीटबेल्ट लांब करणारा जोडपट्टा) चालत नाही, त्यामुळे तीही बाद.

राहिले दोन पर्याय. इंडिगोची स्ट्रेच (त्यांचा बिझनेस क्लास) किंवा एअर इंडियाची बिझनेस: दोन-दोनची रांग, ऐसपैस सीट, पण भाडं अनेकदा दोन इकॉनॉमी तिकिटांच्याही वर जातं. दुसरा, शेजारशेजारच्या दोन सीट: मधला आर्मरेस्ट वर केला की ३६ इंचांहून जास्त जागा. दोन तासांसाठी आम्ही हेच केलं. मात्र जादा सीट कंपनीला फोन करून त्याच प्रवाशाच्या नावावर घ्या आणि दोन्ही बोर्डिंग पास हातात ठेवा, नाहीतर विमान भरलं की तिथे कुणाला तरी बसवतील.

दुप्पट पैसे देणं मला अन्यायाचंच वाटतं. शेजाऱ्यानेही पूर्ण सीटचे पैसे भरलेले असतात, त्याचंही चूक नाही; सीट किती रुंद ठेवायची हे कंपनी ठरवते आणि भांडण लागतं दोन प्रवाशांत. कॅनडात २००८ च्या निकालाने देशांतर्गत प्रवासात 'एक माणूस, एक भाडं' लागू झालं, म्हणजे गरज असेल तर दुसऱ्या सीटचे पैसे नाहीत. मला तेच सर्वांत न्याय्य वाटतं. अमेरिकेची साउथवेस्ट ही विमान कंपनी पूर्वी जादा सीटचे पैसे परत द्यायची. जानेवारी २०२६ पासून विमानात एखादी तरी सीट रिकामी गेली तरच देते. सामोआ एअरने २०१३ मध्ये थेट किलोवर भाडं लावलं होतं. आत्याला काट्यावर उभं करून तिकीट फाडावं, हे मला सहन होणार नाही.

आणि एक्स्टेन्शन बेल्ट दारातच, आत शिरताना हळू आवाजात मागून घ्या. मागच्या वेळी तो तीन रांगांवरून हातोहात आला होता, आणि आत्या सबंध प्रवासभर खिडकीकडे तोंड करून बसली होती.