डोक्याला मार लागला: स्कॅन करायचा, रक्त तपासायचं की थांबायचं?

रात्री आठच्या सुमारास लॅबचं शटर अर्धं खाली आलं की हमखास कोणीतरी येतं. गेल्या पावसाळ्यात असेच दोघे भाऊ आले. धाकट्याच्या कपाळाला टॉवेल गुंडाळलेला, शर्टाला चिखल. मोठा म्हणाला, "ताई, डोक्याला मार लागल्यावर रक्ताची एक टेस्ट निघालीय म्हणे. मोबाईलवर वाचलं. ती केली की स्कॅनला जावं लागत नाही. तुमच्याकडं होते का?"

"उलटी झाली का?"

"दोनदा. एकदा तिथंच रस्त्यावर, एकदा रिक्षात."

"मग रक्तबिक्त काही नको. आत्ताच्या आत्ता सीटीला न्या. आणि यांना एकटं सोडू नका."

त्याने वाचलं होतं ते खोटं नव्हतं. अशी तपासणी आहे, ती अमेरिकेत मान्य झालेली आहे आणि तिच्यामुळे काही लोकांचा स्कॅन खरोखर वाचतो. पण त्या 'काही लोकांत' त्याचा भाऊ बसत नव्हता. मी रक्त काढणारी बाई, डॉक्टर नव्हे. तरी हे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघायला काउंटरवरचा अनुभव कामाला येतो, म्हणून लिहिते आहे.

आधी फुकटची तपासणी

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे नीट विचारलेले प्रश्न. कॅनडातले डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३,१२१ रुग्णांच्या माहितीवरून सीटी कोणाला हवा याचा एक नियम बांधला. मार लागून क्षणभर शुद्ध हरपली, मधलं आठवेना किंवा माणूस गोंधळला, पण आता बोलतो-चालतो आहे, अशांसाठी तो आहे. दोन तास झाले तरी पूर्ण भानावर नाही, कवटी आत दबल्याची शंका, कवटीच्या तळाला तडा गेल्याच्या खुणा, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा त्यापुढे: यातलं एक जरी असलं तरी सीटी. तळाच्या तड्याच्या खुणा घरच्यांनाही दिसू शकतात. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं वर्तुळ, तिथे मार नसताना कानामागे उठलेला काळसर डाग. अपघाताच्या आधीचा अर्धा तास किंवा जास्त आठवत नसेल, वाहनाने पायी चालणाऱ्याला उडवलं असेल, वाहनातून माणूस बाहेर फेकला गेला असेल, तीन फुटांहून उंचावरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडला असेल, तरीही सीटीकडेच कल.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, मार लागल्यावर फिट आली असेल किंवा वय १६ पेक्षा कमी असेल, तर 'सीटी नको' असं या नियमावरून ठरवायचंच नाही. आपल्याकडे घरोघरी एखादे आजोबा वॉरफरिनवर असतात आणि घरच्यांना ती 'हार्टची गोळी' एवढंच ठाऊक असतं. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. नाव आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

सीटी

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या डोक्याचा सीटी निघाला. तो बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं, ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत. आज पन्नासहून जास्त वर्षांनीही ताजा रक्तस्राव शोधायला सीटीसारखं साधन नाही. मार लागल्यावरचा सीटी साधा असतो, डाय न देता. त्यामुळे उपाशी पोटाची भानगड नाही, आधी क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) काढायची गरज नाही, आणि प्रत्यक्ष स्कॅनिंग मिनिटाभरात उरकतं. वेळ जातो तो रांगेत आणि रिपोर्टला.

किरणोत्साराची भीती लोकांना फार. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. जगात कुठेही नुसतं राहून माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. मोठ्या माणसाने गरज असताना या कारणासाठी सीटी टाळणं म्हणजे खड्डा चुकवायला जाऊन ट्रकखाली जाणं. लहान मुलांचं गणित वेगळं, ते पुढे.

सीटीला दिसत नाही ते म्हणजे मेंदूतल्या तंतूंची बारीक फाटाफूट. आणि फार लवकर काढलेल्या सीटीत नंतर सुरू होणारा रक्तस्राव नसतो, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांत. 'सीटी नॉर्मल' म्हणजे त्या घटकेला मोठा रक्तस्राव नाही, इतकंच.

रक्ताची तपासणी: आकडे नीट वाचा

मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात झिरपतात. दोन महत्त्वाची. जीएफएपी हे ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशींच्या सांगाड्यातलं. यूसीएच-एल१ हे न्यूरॉनमधलं, म्हणजे मेंदूच्या मुख्य चेतापेशींमधलं. मार लागल्यावर यूसीएच-एल१ झपाट्याने चढतं आणि साधारण आठ तासांनी टोकाला पोचतं. जीएफएपी तासाभरात दिसू लागतं, वीस तासांच्या आसपास टोक गाठतं आणि मग दोन-तीन दिवस हळूहळू उतरतं. म्हणून दोन्ही एकत्र मोजतात.

औषधं आणि तपासण्यांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये या जोडीच्या तपासणीला पहिल्यांदा मान्यता दिली, मार लागून १२ तासांच्या आतल्या प्रौढांसाठी. जानेवारी २०२१ मध्ये ॲबट कंपनीच्या आय-स्टॅट या हातात मावणाऱ्या यंत्रावरची आवृत्ती आली, पण तिला प्लाझ्मा लागायचा. म्हणजे सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचा पिवळसर थर काढा, मग यंत्र. इमर्जन्सीच्या खोलीत सेंट्रिफ्यूज कुठून आणणार? एप्रिल २०२४ मध्ये मान्य झालेल्या आवृत्तीने ती अडचण संपवली. रक्त न फिरवता थेट यंत्रात घालायच्या कार्ट्रिजमध्ये, १५ मिनिटांत उत्तर, आणि मुदत २४ तासांची. बाहेरच्यांना हा तपशील किरकोळ वाटेल. ज्याने रात्री दोन वाजता ट्यूब फिरायची वाट बघितली आहे त्याला विचारा.

आता २०१८ च्या मान्यतेमागचा अभ्यास. अमेरिका, जर्मनी आणि हंगेरीतल्या १,९५९ रुग्णांची ही तपासणीही झाली आणि सीटीही. सीटीत दोष निघाला फक्त १२५ जणांच्या. रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली ६७१ जणांची, आणि त्यांतल्या तिघांच्याच सीटीत काही सापडलं. म्हणजे निगेटिव्ह आलं तर भरवसा जवळपास साडेनव्याण्णव टक्के. उत्तमच. पण उरलेल्या १,२८८ जणांची तपासणी पॉझिटिव्ह होती, आणि त्यांतल्या सीटीत दोष असलेल्यांची संख्या १२२. दर दहा पॉझिटिव्हमागे नऊ जणांच्या सीटीत काहीच नव्हतं!

इथेच सगळी मेख आहे. 'पॉझिटिव्ह' म्हटलं की आपल्या डोक्यात डेंग्यू येतो, कोविड येतो: पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे. या तपासणीत पॉझिटिव्हचा अर्थ फक्त 'सीटी काढा' एवढाच. ती मेंदूला काय झालं ते सांगत नाही. सीटीच्या दारात उभं राहून तीनातल्या एकाला घरी पाठवते आणि दोघांना आत सोडते. जिथे दिवसाला शंभर डोकी सीटीच्या रांगेत असतात, तिथे त्या एकाची मोठी किंमत आहे. जिथे सीटी पंधरा मिनिटांवर आहे आणि रक्ताची ही तपासणी दुसऱ्या शहरात, तिथे तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या साध्या लॅबमध्ये ती होत नाही, आमच्याकडेही नाही.

आणखी एक. वय वाढलं की जीएफएपी एरवीही चढं असतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत विनाकारण पॉझिटिव्ह जास्त येतात. तशीही ६५ च्या पुढे सीटी ठरलेलाच, मग मध्ये ही पायरी कशाला?

युरोपात एस१००बी नावाचं जुनं प्रथिन वापरतात. स्कँडिनेव्हियातल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत, सौम्य मार असलेल्या प्रौढाचं सहा तासांच्या आत तपासलेलं एस१००बी लिटरला ०.१० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर सीटीशिवाय घरी सोडायला हरकत नाही असं म्हटलं आहे. पण हे प्रथिन चरबीत असतं, त्वचेच्या रंगपेशींतही असतं. मेलॅनोमा या कर्करोगावर लक्ष ठेवायलाही ते मोजतात. हाड मोडलं की वाढतं, दमछाक करणाऱ्या खेळानंतर वाढतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांत मुळातच जास्त असल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. मोटरसायकलवरून पडून नडगी मोडलेल्या आपल्याकडच्या पोराचं एस१००बी वाढलेलं निघालं, तर ते डोक्यातून आलं की पायातून, काय सांगणार?

थांबून बघणं

हा पर्यायच नाही असं लोक धरून चालतात. मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा तोच योग्य ठरतो. मुलांच्या तातडीच्या उपचारांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या पीकार्न गटाचा २००९ चा अभ्यास तब्बल ४२,४१२ मुलांचा होता, आणि त्यांतल्या शंभरात एकापेक्षाही कमी मुलांना मेंदूची गंभीर इजा होती. मूल शुद्धीवर आहे, बेशुद्ध झालं नव्हतं, उलटी नाही, जोरदार आदळलं नाही, डोकं असह्य दुखत नाही, कवटी फुटल्याची खूण नाही, अशा वेळी बालरोगतज्ज्ञ काही तास नजरेखाली ठेवून स्कॅन टाळतात. वाढत्या शरीराला किरणं जास्त बाधतात, म्हणून इथे टाळण्याला वजन आहे. दोन वर्षांखालच्या बाळाचा निर्णय मात्र घरी करू नये. वर सांगितलेल्या कार्ट्रिजची मान्यता १८ च्या पुढच्यांसाठी आहे, तेव्हा मुलांसाठी त्या तपासणीचा विषयच नाही.

"झोपू देऊ नका" ही आजीची सूचना अर्धीच बरोबर. झोप वाईट नाही. हलवल्यावर जाग न येणं वाईट. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये धमनी फुटून रक्त साचतं, तेव्हा माणूस आधी नीट बोलतो, चहा पितो, "मला काही झालं नाही" म्हणतो आणि काही तासांत कोसळतो. म्हणून पहिल्या रात्री कोणीतरी शेजारी हवं. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा उलटी, बोबडी वळणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काही झालं तर १०८ ला फोन.

म्हाताऱ्यांचं उलट. मोरीत घसरून पडलेल्या आजी तीन आठवड्यांनी पाय ओढत चालू लागतात, दिवसा पेंगतात, नावं चुकतात. घरचे म्हणतात वय झालं. हळूहळू साचणारं रक्त असं वागतं. तेव्हा चोवीस तासांची मुदत असलेली रक्ततपासणी कामाची नाही, सीटीच.

एमआरआय आणि बाकीचे

एमआरआय पहिल्या रात्री सहसा नको. वेळ लागतो आणि अस्वस्थ माणूस आत स्थिर पडून राहत नाही. पण सीटी नॉर्मल येऊन आठवडे उलटले, तरी डोकं जड, लक्ष लागत नाही, उजेड सहन होत नाही, तेव्हा तो विचारात घ्यावा. ट्रॅक-टीबीआय या मेंदूच्या इजेवरच्या अमेरिकी प्रकल्पात सीटी नॉर्मल असलेल्या ४५० जणांपैकी १२० जणांच्या एमआरआयमध्ये इजा दिसली. 'सगळं मनाचे खेळ' असं ऐकून घेतलेल्या रुग्णांना हा आकडा दाखवावासा वाटतो.

अहमदाबादच्या बायोस्कॅन रिसर्चचं सेरेबो हे उपकरण डोक्यावर टेकवून अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाने रक्त साचल्याचा अंदाज घेतं. रुग्णवाहिकेत किंवा सीटी नसलेल्या गावात, रुग्ण कुठे हलवायचा हे ठरवायला उपयोगी. मात्र हा प्रकाश खोलवर पोचत नाही, त्यामुळे सीटी सुटत नाही.

आणि 'ब्रेन हेल्थ पॅकेज'. गेल्या काही महिन्यांत अशी जाहिरात दाखवून "पडल्यावर हे करू का?" असं विचारणारे वाढले आहेत. त्यातला पी-टाऊ २१७ हा अल्झायमर या विसराळूपणाच्या आजाराशी जोडलेला रक्तातला निर्देशक. मे २०२५ मध्ये एफडीएने त्यावर आधारित पहिली रक्ततपासणी मान्य केली, तीही ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्यांसाठी. त्यातलंच एनएफएल हे प्रथिन चेतातंतूंना इजा झाली की वाढतं आणि आठवडे-महिने चढं राहतं, पण इजा कशाने झाली हे सांगत नाही. हातापायांच्या नसांच्या आजारातही वाढतं. काल जिन्यावरून पडलेल्या माणसाला या दोन्हींचा उपयोग नाही. पैसे वाचवा.

ही तपासणी कधी तुमच्या शहरात आली आणि डॉक्टरांनी लिहून दिली, तर एक गोष्ट माझ्यासारख्या रक्त काढणाऱ्याला न विचारताच सांगा: मार नेमका किती वाजता लागला. आमच्या फॉर्मवर सॅम्पल घेतल्याची वेळ लिहायला चौकट आहे, मार लागल्याच्या वेळेला नाही. आणि त्या वेळेशिवाय १२ तास, २४ तास ही मुदत मोजायची कुठून? त्या रात्री सीटी सेंटरला फोन लावून मी दोघा भावांना विचारलं, कधी पडला? मोठा म्हणाला साडेसहा. धाकटा म्हणाला, "नाही दादा, अंधार पडला होता," आणि मग गप्प झाला. मधलं त्याला आठवत नव्हतं. तेही मी फोनवर सांगितलं.