बी१२ कमी निघालं: इंजेक्शन की गोळी?

रिपोर्टवर बी१२ दीडशे-पावणेदोनशेच्या घरात दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. इंजेक्शनचा कोर्स करून मोकळं व्हायचं, की गोळी सुरू करायची? बी१२ कशाला लागतं ते इथे सांगत बसत नाही. निवड करताना काय पाहावं तेवढंच मांडतो. माझा स्वतःचा कौल गोळीला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांना निवडीची मुभाच नाही, त्यांना प्रथम बाजूला काढू. पायातला बधिरपणा वर सरकतोय, डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो, विसरभोळेपणा अचानक वाढलाय, हिमोग्लोबिन सहा-सातवर आलंय, यांपैकी काहीही असेल तर इंजेक्शन, आणि तेही ताबडतोब. मज्जातंतूंना झालेली इजा महिनोन्‌महिने तशीच राहिली तर पूर्ण भरून येत नाही. जठर किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेत काढलेला असेल, किंवा डॉक्टरांनी पर्निशियस ॲनिमियाचं (जठरातल्या बिघाडामुळे बी१२ नीट शोषलं न जाण्याच्या आजाराचं) निदान केलं असेल, तरी इंजेक्शनचीच वाट धरावी. पुढचं सगळं बाकीच्यांसाठी आहे: शाकाहारी, माळकरी, आठवड्यातून एखादं अंडं खाणारे, पचन ठीक असलेले आणि थकवा किंवा थोड्याफार मुंग्या एवढीच तक्रार असलेले. आपल्याकडे गर्दी याच मंडळींची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश जणांत बी१२ कमी निघालं होतं.

आता हिशोब. जेवणातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं, मग जठरातच स्रवणारा इंट्रिन्सिक फॅक्टर त्याला धरून लहान आतड्याच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथून ते रक्तात जातं. ही वाट अरुंद आहे. एका वेळी फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम तिच्यातून जातात. पण मोठा डोस घेतला तर त्यातला साधारण एक टक्का या वाटेची पर्वा न करता आतड्यातून आपसूक झिरपतो. म्हणजे १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १५ झिरपून आणि दीड नेहमीच्या वाटेने, असे साडेसोळा मायक्रोग्रॅम मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिफारस दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम खाण्याची आहे. त्यातलं निम्मं शोषलं जातं असं धरलं, तर शरीराचा प्रत्यक्ष खर्च रोजचा १.१ च्या आसपास. गोळीतलं ९९ टक्के वाया जातं हे खरं, पण उरलेलं एक टक्काच गरजेच्या पंधरापट आहे.

इंजेक्शनमधलं १००० मायक्रोग्रॅम पूर्णच्या पूर्ण शरीरात जातं, म्हणून ते जास्त जोरकस वाटतं. मात्र रक्ताला एवढं बी१२ एकदम धरून ठेवता येत नाही. सायनोकोबालामिन या बी१२ च्या रूपाच्या १००० च्या इंजेक्शनमागे शंभर-दीडशे मायक्रोग्रॅम अंगात राहतात आणि बाकीचं दोनेक दिवसांत लघवीवाटे निघून जातं. हायड्रॉक्सोकोबालामिन हे दुसरं रूप जास्त टिकतं. पाच इंजेक्शनांचा कोर्स धरला तर साठा वाढला जास्तीत जास्त ७५०. उलट १५०० ची गोळी रोज एक अशी तीन महिने घेतली, तर रोजचा खर्च वजा जाता १३०० ते १४०० मायक्रोग्रॅम साठतात. हा हिशोब ढोबळ आहे, माणसागणिक आकडे हलतील. तरी झुकतं माप कुणाकडे आहे ते दिसतं.

वेग पाहिला तर इंजेक्शन पुढे आहे, आणि ते मान्य करायला हवं. रक्तातली पातळी काही तासांत चढते. गोळीला त्यासाठी काही आठवडे लागतात. हिमोग्लोबिनला मात्र दोन्हीकडून साधारण दीड-दोन महिने लागतात, कारण तांबड्या पेशी तयार व्हायचा वेळ कुणाच्या हातात नसतो. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात मोठ्या डोसच्या गोळ्या आणि इंजेक्शनं पातळी सुधारण्यात सारखीच ठरली. अर्थात त्यात अभ्यास तीनच होते आणि माणसं दीडशेच्या आसपास, त्यामुळे तो शेवटचा शब्द मानू नये. स्वीडनमध्ये गोळी हाच नेहमीचा उपचार म्हणून कित्येक दशकं चालत आला आहे, हे मला जास्त वजनदार वाटतं.

आणि तरीही ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला ती शोषणाची नाही. ती आहे ‘कोर्स’ हा शब्द.

नेहमीचा क्रम पाहा. एक दिवसाआड पाच इंजेक्शनं होतात. तपकिरी काचेच्या कुपीतलं ते लालभडक औषध पाहूनच अर्धं बरं वाटतं (तो लाल रंग बी१२ मधल्या कोबाल्टचा, आणि तपकिरी काच ते उजेडाने बिघडू नये म्हणून). पंधरा दिवसांनी तपासणी होते. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘२००० पेक्षा जास्त’ आणि शेजारी ‘हाय’. घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात: एक, झालं, आता काळजी नाही. दुसरी, अरे बापरे, जास्त झालं, बंद करा. दोन्ही चुकीच्या. तो आकडा नुकत्याच टोचलेल्या औषधाच्या पुराचा आहे, यकृतातल्या कोठारात किती साठलं ते तो सांगत नाही. भरलेल्या कोठारात दोन ते पाच हजार मायक्रोग्रॅम असतात. जन्मापासून शाकाहारी असलेल्या माणसाचं कोठार मुळात कधी भरलेलंच नसतं. त्यात साडेसातशे टाकून फाइल बंद होते, ताट मात्र तेच राहतं. सहा महिने ते वर्षभरात पाय पुन्हा जड होतात, आणि पुन्हा पाच इंजेक्शनं. हे चक्र तीन-तीनदा फिरलेली माणसं माझ्या पाहण्यात इतकी आहेत की शाकाहारी माणसाला नुसता कोर्स लिहून दिलेला पाहिला की वाईट वाटतं. आहारात बी१२ कमी असणं रोजचं आहे, त्यावरचा उपाय संपणारा असून कसं चालेल?

सुरुवातीच्या रोजच्या गोळ्या झाल्या की आठवड्याला एक कायम, अशी रविवारची गोळी संपत नाही. ती लक्षात ठेवावी लागते, हा तिचा दोष. पण डब्यावर वार लिहिला, किंवा रविवारच्या पोह्यांशी जोडून टाकली, की तो बऱ्यापैकी निघतो. सुई टोचायला कुणाला बोलवावं लागत नाही, ही एकट्याने राहणाऱ्या वृद्धांच्या दृष्टीने लहान सोय नव्हे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर स्नायूत रक्त साकळायचा धोका टळतो, तो वेगळा फायदा.

गोळीची खरी कटकट औषधाच्या दुकानात सुरू होते. बी१२ मागितलं की जी पट्टी हातात येते, ती उलटून बारीक अक्षरं वाचा: मिथिलकोबालामिन (हेही बी१२ चंच रूप) १५०० मायक्रोग्रॅम, अल्फा लिपोइक ॲसिड १०० मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड १.५ मिलिग्रॅम, पायरिडॉक्सिन (म्हणजे बी६) ३ मिलिग्रॅम. काही पट्ट्यांत नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिनही घातलेलं असतं, त्याने दिवसभर गुंगी येते आणि ते मनाने एकदम बंदही करता येत नाही. ‘नुसतं मिथिलकोबालामिन, सोबत काही नको’ असं स्पष्ट मागावं. मिळतं, थोडं शोधावं लागतं. इंजेक्शनही या मिश्रणातून सुटलेली नाहीत. बी१, बी६, बी१२ एकत्र असलेल्या कुपीत बी६ पन्नास ते शंभर मिलिग्रॅम असतं, आणि एवढं बी६ दीर्घकाळ घेत राहिलं तर त्यानेच हातपाय बधिर होऊ शकतात.

फॉलिक ॲसिडबद्दल वेगळं सांगायला हवं. १९३० च्या आसपास ल्युसी विल्स यांनी मुंबईत गिरणी कामगार गर्भवतींचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. हेच फोलेट बी१२ च्या कमतरतेतलं रक्तही सुधारतं, मज्जातंतूंना मात्र वाचवत नाही. म्हणून बी१२ न तपासता ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी एकटीच महिनोन्‌महिने घेत राहणं धोक्याचं. रक्त छान दिसतं आणि आत नसा खराब होत राहतात. गर्भवतींनी फॉलिक ॲसिड सोडायचं नाही, बी१२ त्याच्या जोडीला घ्यायचं. याज्ञिकांच्या पुण्यातल्या अभ्यासात गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध जास्त आढळला होता. सीबीसीवरही (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीवर) विसंबू नये. बी१२ कमी असताना तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असताना लहान. दोन्ही कमी असलं की एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८५-९० असा निरागस दिसतो.

‘गोळी नको, आहारातूनच घेऊ’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं. दुधात १०० मिलिलिटरमागे साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात गेलं तर गरज कशीबशी भागते. दूध दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवलं की त्यातलं बरंच नष्ट होतं. म्हणून एक उकळी आली की उतरवावं. पनीर करताना काही भाग पाण्याबरोबर जातो, ते पाणी कणीक मळायला घ्यावं. अंड्यात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, तेही बहुतेक बलकात आणि अर्धवटच शोषलं जाणारं. कलेजी, बांगडा, तिसऱ्या (शिंपले) यांत भरपूर, म्हणून किनाऱ्यावरच्या मासेखाऊ घरांत ही अडचण कमी. मोड आलेली कडधान्यं, इडलीचं आंबवण, स्पिरुलिना यांच्या भरवशावर राहू नये. स्पिरुलिनातलं बहुतेक बी१२ माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. आहाराने आहे ती पातळी टिकवता येईल, १५० वरून वर आणायला तो पुरत नाही.

मिथिल की सायनो, यावर फार डोकं शिणवू नये. दोन्ही पेशीत शिरल्यावर आधी मोडतात आणि मग हवं ते रूप शरीर स्वतः घडवतं. सायनो जास्त टिकाऊ आणि त्यामागे अभ्यासही जास्त, मिथिल दुकानात सहज मिळतं. सायनाइडची भीती अनाठायी आहे: १००० मायक्रोग्रॅममध्ये ते जेमतेम २० मायक्रोग्रॅम भरतं. जिभेखाली ठेवायची गोळी गिळायच्या गोळीपेक्षा सरस ठरलेली नाही.

माझ्या मते सोयीचा क्रम असा. लक्षणं नसतील किंवा किरकोळ असतील तर १५०० ची गोळी रोज एक, तीन महिने, नंतर आठवड्याला एक कायम. मुंग्या त्रासदायक असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिले दोन आठवडे इंजेक्शन, आणि शेवटच्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवसापासून गोळी, मध्ये खंड नको. बी१२ चं शोषण घटवणारी मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आठवड्याला एकीऐवजी दोन घ्यायला हरकत नसावी, आणि वर्षातून एकदा पातळी पाहावी. फेरतपासणी गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांनी, इंजेक्शन घेतलं असेल तर शेवटच्या सुईनंतर चार महिन्यांनी. तेव्हाही आकडा ३०० च्या खाली असेल आणि गोळी खरोखर नेमाने घेतली असेल, तर दोष शोषणात असू शकतो. मग गोळीचा हट्ट सोडून, इंट्रिन्सिक फॅक्टरविरोधी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी आणि सुईकडे वळावं.