जुनी कॅराव्हॅन घेताय? आधी खाली वाकून बघा

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि जून-जुलैच्या शाळेच्या सुट्टीत उलुरूला जायचं म्हणून सेकंडहँड कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) शोधणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, कारण आमच्या ओळखीतल्या दोन घरांत सध्या तेच चाललंय आणि प्रत्येकाला फोनवर तीच कहाणी सांगून घसा बसलाय माझा.

आम्ही मेलबर्नला असतो. व्हॅन २०१६ची, ३८ हजार डॉलरला, जाहिरात बघून थेट मालकाकडून घेतली. साठीतला माणूस, एकदम गोड बोलणारा, बायकोची तब्येत बरी नसते आता फिरणं होत नाही वगैरे. व्हॅन कधी डांबर सोडून उतरलीच नाही म्हणाला. आम्ही काही नुसत्या चहावर भाळून पैसे दिले नाहीत, इन्स्पेक्शनचा रिपोर्ट मागितला, तर त्याच्याकडे तयारच, फोटोंसकट पीडीएफ, चासीसमोर 'उत्तम'. लोन बाकी आहे का हे दाखवणारं पीपीएसआरचं सर्टिफिकेट पण त्यानेच काढून ठेवलेलं. पुढच्या दांड्यावर वजनाची प्लेट, तिच्यावर एटीएम २,८०० किलो. एटीएम म्हणजे सामानासकट भरलेल्या व्हॅनचं जास्तीत जास्त चालणारं वजन. आमची प्राडो गाडी ३,००० किलो ओढते, म्हणजे हिशोब बसला.

साताऱ्याहून आई-बाबा आले होते. अॅडलेड, पोर्ट ऑगस्टापर्यंत सगळं मस्त. तिथून स्टुअर्ट हायवे लागतो, तो सरळ वर डार्विनपर्यंत, २,७०० किमीच्या पुढे. पिंबा गेलं, ग्लेंडॅम्बो गेलं, आणि त्यानंतर कूबर पीडीपर्यंत जवळजवळ २५० किमी पेट्रोल नाही, मोबाईलला रेंज नाही, नुसती लाल माती आणि खुरटी झुडपं. आम्ही नव्वदने चाललो होतो. मागून रोड ट्रेन येत होती (म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, तीन ट्रेलरवाली ५३ मीटरपर्यंत लांब असते, ओव्हरटेक करताना आपली गाडी हलते), आणि यूएचएफ रेडिओवर ४० नंबरला, म्हणजे ट्रकवाल्यांच्या चॅनलवर, त्या ड्रायव्हरचा आवाज आला की अरे तुमची व्हॅन तिरकी चाललीये आणि डाव्या चाकातून धूर येतोय, थांबवा लगेच. हा माणूस बोलला नसता तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही.

उतरून बघतो तर डाव्या बाजूचा एक्सल मागे सरकलेला आणि टायर वरच्या पत्र्याला घासून निम्मा खाल्लेला. त्याच ट्रकवाल्याने पुढे जाऊन निरोप दिला म्हणून संध्याकाळी टो ट्रक आला, त्याचेच दोन हजार डॉलरच्या वर गेले. रात्री कूबर पीडीला जमिनीखालच्या मोटेलमध्ये झोपलो. बाबा तेवढ्यातही खूष, दगडात कोरलेली खोली, ओपलच्या खाणी, त्यांचं वेगळंच चाललेलं.

दुसऱ्या दिवशी वेल्डरने व्हॅन जॅकवर उचलली. खालून सगळं काळंभोर, चकचकीत, पोळ्याच्या बैलासारखं रंगवलेलं. घेताना आम्हाला वाटलेलं मेंटेन केलीये. त्याने तारेचा ब्रश घेऊन स्प्रिंग जिथे चासीला अडकते तो ब्रॅकेट घासला, आणि काळ्या रंगाचे पापुद्रे निघून खाली आधी लालसर माती, मग गंज, मग जुन्या वेल्डिंगचा ओबडधोबड जाड पट्टा. बाबांनी आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलंय. चष्मा वर करून वाकले आणि म्हणाले, "अगं, हे आधीच एकदा तुटलंय. जोडून रंग फासलाय नुसता. जोड अजून दोन ठिकाणी आहेत बघ." वेल्डरला मराठी कळायचा प्रश्नच नाही, पण बाबांनी बोट ठेवलं त्याच दोन जागा त्याने पुढे घासल्या.

म्हणजे डांबर न सोडलेली ही व्हॅन कुठल्यातरी कच्च्या ट्रॅकवर महिनोन्महिने खडखडलेली होती. त्या रस्त्यांवर माती पन्हाळी पत्र्यासारखी वळ्यावळ्यांची होते आणि शेकडो किलोमीटर गाडी थरथरत राहते, तिथे असले जोड जातातच. ड्रॉवरचे चॅनल काढले तर स्क्रूच्या भोकांत ती बारीक लाल धूळ भरलेली. आतून धुता येतं, तिथून नाही निघत.

पण खरी कमाल पुढे आहे. वजनाच्या प्लेटचे रिवेट नवे कोरे आहेत हे वेल्डरनेच दाखवलं. घरी आल्यावर बनवणाऱ्या कंपनीला व्हिन नंबर (म्हणजे चासीवर कोरलेला ओळख क्रमांक) मेल केला, त्यांचं उत्तर आलं की या व्हॅनचं मूळ एटीएम २,४०० आहे. दुसरी बॅटरी, वाढीव पाण्याची टाकी, सोलर पॅनल हे सगळं कुणीतरी नंतर बसवलेलं, ते वजन खपवायला प्लेटच बदलली! आम्ही वजनकाट्यावर नेली तर नेहमीच्या सामानासकट २,६५० च्या पुढे. म्हणजे आम्ही प्लेटच्या आत राहून सुद्धा अडीचशे किलो जास्त घेऊन फिरत होतो, पोलिसांनी अडवलं असतं तर दंड आम्हाला. आणि इन्शुरन्सवाले म्हणाले की हे आधीचं नुकसान आहे, आम्ही देणार नाही.

तो रिपोर्ट तर दुसऱ्याच व्हॅनचा निघाला, फोटो कापून लावलेले आणि व्हिनचे शेवटचे आकडे बदललेले. रिपोर्टवर ज्याचं नाव आहे त्या मेकॅनिकचा फोन लागतच नाही.

विकणाऱ्याकडे पैसे परत मागितले तर म्हणे प्रायव्हेट सेल होता, बघून घेतलीत ना. कायद्याचं त्याला नीट माहीत होतं. दुकानातून घेतलं की ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ तुमच्या बाजूने असतो, माल दर्जाचा हवा ही गॅरंटी मिळते, पण घरगुती विक्रीत ती नाही, म्हणून तर हे धंदेवाले घरगुती मालक बनून बसतात. माझ्या नवऱ्याने त्याच्या जुन्या जाहिराती शोधल्या तर तेच अंगण, तोच पत्र्याचा फेन्स, पण व्हॅन वेगळ्या आणि फोन नंबर वेगळे, आणि बायकोची तब्येत प्रत्येक वेळी बिघडलेली. ते सगळे स्क्रीनशॉट आता वकिलाकडे आहेत, कारण हा त्याचा धंदाच आहे हे दाखवता आलं तर प्रायव्हेट सेलची पळवाट बंद होते.

तर घेणाऱ्यांनो, विकणाऱ्याने हातात दिलेला कागद हा कागदच नाही असं धरून चाला. पीपीएसआर स्वतः सरकारी वेबसाईटवर काढा, दोन डॉलर लागतात, आणि व्हिन चासीवर कोरलेला वाचून टाका, त्याने मेसेज केलेला नको. इन्स्पेक्शनवाला तुम्ही शोधलेला हवा. व्हिन देऊन कंपनीला मूळ वजन विचारा. पैसे देण्याआधी व्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर न्यायला सांगा, "तिकडे कशाला" म्हणाला की तिथूनच परत फिरा. आणि खाली चादर टाकून झोपा, टॉर्च मारा. दहा वर्षं जुनी चासी नव्या काळ्या रंगात चमकत असेल तर रंग कधी आणि का मारला ते विचारा, आणि ब्रॅकेटजवळ थोडा खरवडू द्याल का असंही विचारा, मालक खरा असेल तर खरवडू देतो.

आमची चासी दुरुस्त करायचा अंदाज ११ हजार आलाय. उलुरूला आम्ही शेवटी व्हॅन कूबर पीडीलाच ठेवून नुसती प्राडो घेऊन गेलो. त्या माणसाची नवी जाहिरात गेल्या आठवड्यात आलीये, यावेळी २०१८चं मॉडेल, 'डांबराबाहेर कधीच नेली नाही'.