अठ्ठेचाळीस यार्डांची निळी लोकर: दहा महिने वापरल्यावर

मागच्या मंगळवारी माझ्या लेकीचा, आर्याचा, निळा काउल (गळ्यात घालायचा गोल विणलेला पट्टा) कपाटातून काढला आणि त्यातून पांढरा दोरा डोकावत होता. आधी वाटलं, कुठला तरी धागा चिकटलाय. ओढून बघितला तर तो आतलाच निघाला. वरची निळी लोकर दोन्ही बाजूंना सरकून तिचे गठ्ठे झालेले आणि मध्ये इंचभर दोरा उघडा, चार्जरच्या वायरचं वरचं आवरण गेल्यावर दिसतो तसा. सेहेचाळीस डॉलर मोजलेत मी ह्याच्या लोकरीचे. म्हणून लिहायला बसले, नाहीतर हे लिहिणं मी ऑक्टोबरपासून टाळतच होते.

ऱ्हाइनबेकचा मेंढ्या-लोकरीचा मेळावा तुम्हाला माहीत असेलच. न्यूयॉर्क राज्यात, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून दोन तासांचा रस्ता. लोक तिथे घालायला म्हणून वर्षभर स्वेटर विणतात आणि एकमेकांच्या स्वेटरला हात लावून लावून बघतात. मी फक्त बघायला गेले होते. बरोबर लेक होती आणि लेक ‘डॉक्टर हू’ ह्या ब्रिटिश टीव्ही मालिकेची भक्त आहे. तिथल्या एका स्टॉलवर (नाव लिहीत नाही, बाई स्वभावाने वाईट नाहीत) हाताने कातलेली, कुठल्या ना कुठल्या मालिकेवरून रंगवलेली लोकर टांगलेली. लेबलवर मालिकेचं नाव कुठेच नाही, नुसत्या खुणा: ‘निळी पेटी’, ‘नारिंगी आकाश’, ‘लांबच लांब’. असं का, ते लेकीनेच सांगितलं. मालिकेतला डॉक्टर जिच्यातून फिरतो ती निळी पोलीस पेटी मुळात लंडनच्या पोलिसांची, पण तिचा ट्रेडमार्क बीबीसीकडे आहे. पोलिसांनी हरकत घेतली होती, २००२ साली ते हरले. जिथे पोलीस हरले तिथे लोकरवालीने जपूनच राहायला हवं.

मी चार लडी घेतल्या. एक निळी, जाड, दोऱ्यावर लोकर गुंडाळून कातलेली, मध्येमध्ये स्प्रिंगसारखी वेटोळी आणि चंदेरी चमक. दोन ‘लांबच लांब’, एकपदरी, कुठे बोटाएवढी जाड तर कुठे शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक, विटकरी-मोहरी-तपकिरी-करड्या रंगांची. आणि एक साधी दोनपदरी नारिंगी.

नारिंगीचं आधी उरकते, कारण तिच्याबद्दल तक्रार नाही. ५ मिलिमीटरच्या सुईने क्रोशाची टोपी केली, सगळी मुक्या खांबांची. बसली छान, धुतली छान, अजून गोळे धरलेले नाहीत. चौतीस डॉलरला एकशे नव्वद यार्ड.

आता मुद्दा. हे एकशे नव्वद यार्ड मला कसे कळले? तर मी मोजले म्हणून. लेबलवर काय होतं? ‘४ औंस’. बास. चार औंस म्हणजे ११३ ग्रॅम हे मलाही कळतं, पण मी काय लोकरीची भाजी करणार आहे वजनावर घेऊन? विणणाऱ्याला लांबी लागते. मॉलमधल्या सगळ्यात स्वस्त ॲक्रिलिकच्या गुंड्यावरसुद्धा यार्ड छापलेले असतात, मीटरही असतात. हातकताईच्या लोकरीत जाडी ठरलेली नसते, म्हणजे तिथे तर लांबी जास्तच लिहायला हवी. घरी आल्यावर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, चारही लडी त्यांच्यावर गुंडाळल्या, एका वेढ्याची लांबी टेपने मोजली आणि वेढे मोजले. नवरा म्हणाला, पतंगाचा मांजा करतेस का. निळी निघाली अठ्ठेचाळीस यार्ड. म्हणजे यार्डाला शहाण्णव सेंट. ‘लांबच लांब’ची एक लड चौऱ्याऐंशी यार्ड आणि दुसरी एकाहत्तर. दोन्हींचं वजन तेवढंच, दोन्हींची किंमत अडतीस डॉलर. तेरा यार्ड कुठे गेले? जाड भागात गेले, हे मला समजतं. तरी तेरा यार्ड!

निळीचा काउल १२ मिलिमीटरच्या गोल सुयांवर दोन संध्याकाळींत झाला. वेटोळी सुयांवरून उतरत नाहीत, प्रत्येक वेटोळं नखाने पुढे ढकलावं लागतं आणि तेवढ्यात शेजारचा टाका निसटतो. पण झाला तेव्हा, खरं सांगते, मी गप्प झाले. उजेडात धरला की आतून चमकायचा. आर्याने शाळेत घालून नेला आणि दोन मुलींनी कुठे मिळतो म्हणून विचारलं. त्या दिवशी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. लडीतली जेमतेम दीड यार्ड उरली होती, तीही जपून ठेवली.

जानेवारीत बर्फात खेळून आली ती मानेला निळा पट्टा घेऊन. नीलकंठ! पांढऱ्या जॅकेटची कॉलरही निळी. लोकरीचा रंग आम्ल आणि उष्णता मिळाली तर पक्का बसतो आणि गडद निळा-हिरवा हा त्यातला सगळ्यात हट्टी, हे नंतर वाचून कळलं. मग मोठ्या पातेल्यात गार पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, त्यात काउल बुडवला आणि मंद आचेवर अर्धा तास. ढवळायचं नाही, उकळू द्यायचं नाही आणि गरममधून काढून थेट गार पाण्यात टाकायचं नाही, नाहीतर लोकर आळून नमदा होते. पातेल्यातच निवू दिला. पहिलं पाणी शाईसारखं, दुसरं फिकट, तिसरं स्वच्छ. तेव्हापासून रंग गेलेला नाही. हे काम विकणारीने करून द्यायचं असतं असं माझं मत आहे. चंदेरी चमक मात्र अजून झडते. एकदा वरणात सापडली.

आता ‘लांबच लांब’. हिच्यासाठीच खरं तर ऱ्हाइनबेकला थांबले होते. टॉम बेकरने १९७४ पासून डॉक्टरचं काम केलं, त्याचा तो जमिनीपर्यंत लोळणारा स्कार्फ आर्याला हवा होता. त्या स्कार्फची गोष्ट विणणाऱ्यांमध्ये सगळ्यांना पाठ असते. वेशभूषाकार जेम्स ॲचेसन ह्यांनी बेगोनिया पोप नावाच्या बाईंना ढीगभर रंगांची लोकर दिली. किती वापरायची ते सांगायचं राहिलं, बाईंनी सगळी विणून टाकली. म्हणून तो एवढा लांब. मला ह्या गोष्टीचा हेवा वाटतो. मीसुद्धा दिलेली सगळी विणली. वीस टाके, १० मिलिमीटरच्या सुया, एकशे पंचावन्न यार्ड, शहात्तर डॉलर आणि स्कार्फ झाला सव्वातीन फूट. आर्या गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आई, हा टाय आहे.”

एक गोष्ट कबूल करते. नमुना म्हणून आधी सुलट-उलट ओळी विणल्या होत्या, तर तुकडा एका बाजूला कलला, चौकोनाची शंकरपाळी झाली. एकपदरी लोकरीत पीळ मोकळा फिरतो आणि टाक्यांना आपल्याबरोबर वळवतो. दोनपदरीत उलट पीळ बसतो म्हणून तो जिरतो. मूळ स्कार्फ सगळा सुलट टाक्यांचाच आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओळ सुलट, तसा विणल्यावर कल दोन्हीकडून सारखा होऊन गेला आणि कड सरळ आली. हाताला मऊ लागतो, पण जाड जागेला गोळे धरतात, कारण तिथे पीळ अगदी कमी. कापायचे, ओढायचे नाहीत.

जूनमध्ये आई-बाबा फलटणहून आले आणि माझं मत पुन्हा बदललं. आईने निळा काउल हातात घेतला, दोन बोटांत चोळला आणि म्हणाली, “पीळ अंगावर आहे गं, पोटात नाही. सुटणार हा.” तेव्हा मी हसले होते. आईच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, टकळी आणि पेळू दप्तरात न्यावे लागायचे. मी अठरा डॉलरचा कॉरिडेल जातीच्या मेंढीच्या लोकरीचा पेळू आणि लाकडी चाती मागवून ठेवली होती, ती तिने ताब्यात घेतली. कापसाचा तंतू आखूड, ओढला की तुटतो, ह्याचा लांब आहे म्हणून ती खूश. स्वयंपाकघरात उभी राहून चाती सोडायची, उजव्या हाताने चुटकी मारल्यासारखी फिरकी द्यायची, डाव्याने लोकर सोडत जायची. दोन संध्याकाळींत चाळीस यार्ड, एकसारखे. मी त्याच दोन संध्याकाळींत नऊ यार्ड कातले, गाठोडी गाठोडी. आई म्हणाली, “तुझं ते महागातलं झालं की.”

त्या नऊ यार्डांनी मला किमतीबद्दल गप्प केलं. मुद्दाम जाड-बारीक कातायचं, पण जाड भाग सुटू द्यायचा नाही आणि बारीक भाग तुटू द्यायचा नाही, हे चुकून जाड-बारीक होण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यात आधी रंगवायचं, पिंजायचं, मग धुवून पीळ बसवायचा. अडतीस डॉलर जास्त नाहीत. शहाण्णव सेंट यार्डाला, हेही मी आता बोलणार नव्हते.

आणि मग मंगळवारी तो पांढरा दोरा.

स्टॉलवाल्या बाईंना फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, गोड होतं. हाताने कातलेल्या लोकरीचा हा स्वभावच असतो म्हणे, जरा प्रेमाने वापरावी लागते. वापरलं म्हणजे काय केलं, गळ्यातच घातला ना? मी लिहिलं की दोऱ्यावर गुंडाळलेली लोकर सरकू नये म्हणून वरून एक बारीक धागा फिरवतात, तो ह्यात नाही. त्यावर उत्तर: तो धागा घातला की पोत बिघडतो, म्हणून मी घालत नाही. सोबत पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सूट. अट: किमान पंचाहत्तर डॉलरची खरेदी. मी तिसरं पत्र लिहिलं त्यात एकच ओळ होती: लेबलवर यार्ड का लिहीत नाही? त्याला अजून उत्तर नाही.

आईला व्हिडिओवर काउल दाखवला. मी तसं बोलले होते असं ती म्हणाली नाही, पण चेहऱ्यावर ते होतं. सरकलेली लोकर ओल्या बोटांनी परत दोऱ्यावर पसरायला सांगितली आणि मग निळ्या शिवणदोऱ्याने प्रत्येक दोन-तीन इंचांवर आरपार एक टाका, दिसणार नाही असा. तासाभराचं काम. पोत काही बिघडला नाही. आता ओढून बघते तर हलत नाही. ज्यांनी अशी लोकर घेतली आहे त्यांनी विणण्याआधीच चिमटीत धरून ओढून बघा. वरची लोकर आतल्या दोऱ्यावर घसरली तर विणायच्या आधी शिवा, नंतर शिवणं म्हणजे वारूळ विंचरणं.

धुण्याबद्दल: महागडं लोकरीचं साबण आणायची गरज नाही. आईने रिठे आणले होते, चार रिठे रात्री भिजवून त्याचं पाणी, कोमट नाही, गारच. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर पाय द्यायचा. उन्हाळ्यात ठेवताना डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते, आणि कसरीला ही लोकर फार आवडते, महाग असल्याचं तिला कळतं बहुतेक. आमच्याकडे डांबराच्या गोळ्यांचा वास कोणाला चालत नाही, म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात.

परत घेईन का? निळ्यासारखी, दोऱ्यावर गुंडाळलेली, नाही. एकपदरी घेईन, पण टेप बरोबर नेऊन आणि स्टॉलवरच लडीचे वेढे मोजून. मागे रांग लागली तर लागू दे. दोनपदरी डोळे मिटून घेईन. तारे द्यायचेच तर नारिंगीला पाच, लांबच लांबला तीन, निळीला ऑक्टोबरात पाच, जानेवारीत एक, आज तीन. लेबलला शून्य.

राहिला आर्याचा टाय. ‘लांबच लांब’ आणखी घ्यायची तर पाच-सहा लडी लागतील, म्हणजे दोनशे डॉलर, तेही मोजून न दिलेले. बाबा येताना त्यांचा मोहरी रंगाचा हातविणीचा स्वेटर घालून आले होते, आईनेच केलेला, कोपराला विरलेला. एका दुपारी बाबा झोपले असताना आईने तो उसवला. लोकर कुरळी झाली होती, ती किटलीच्या वाफेवर धरून सरळ केली, लडी बांधल्या, खाली चमचे अडकवून वाळत टाकल्या. मूळ स्कार्फचे रंगही असेच मळकट, त्यामुळे मोहरी अगदी शोभते. बाह्या आणि पाठ मिळून मी मोजले चारशे दहा यार्ड. दोन धागे एकत्र घेऊन विणतेय, स्कार्फ सध्या सात फुटांवर आहे. समोरच्या दोन बाजू अजून उसवायच्यात. बाबा स्वेटर कुठे गेला म्हणून विचारतात, आई सांगते धुवायला टाकलाय.