पाटणा शोधलं की बिहार निघतं : खुले संग्रह आठ महिने वापरल्यावर

चाळीसगावात आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एका मंडळाला पाटणादेवीवर स्मरणिका छापायची होती. फोटो त्यांचे, जाहिराती त्यांच्या, आणि मजकूर? "तो तुम्हीच नेटवरून टाका ना भाऊ." तेव्हापासून आठ महिने मी इंटरनेट आर्काइव्ह, शोधगंगा आणि असेच दोन-चार नेटवरचे फुकट संग्रह वापरतोय. स्मरणिका कधीच छापून वाटून झाली, माझं काही थांबलं नाही.

पहिला आठवडा वाया गेला. पाटणादेवीजवळच्या पाटणं गावचा शिलालेख 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या इंग्रजी मालेच्या पहिल्या खंडात कीलहॉर्न या जर्मन पंडिताने छापलाय, एवढं कळलं होतं. पण तिथे गावाचं इंग्रजी स्पेलिंग बिहारच्या राजधानीसारखंच. शोध टाकला की अशोक, गंगा, गांधी मैदान, सगळं येतं; आपलं पाटणं काही येत नाही. शेवटी गावाचं नाव सोडून यादव राजा सिंघणाच्या नावाने शोधलं आणि सापडलं. शके ११२८चा लेख. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेव, हेमाडीदेवांनी त्याला दान दिलं. वरचा भाग संस्कृत, शेवटी मात्र जुनी मराठी. त्यात बाजारात येणाऱ्या मालावरचा हक्क मठाला दिलाय, आणि तेल्याच्या घाण्यामागे पळी-पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी गणित-ज्योतिषाची शाळा पळीभर तेलावर चालायची, हे मी दुकानात येईल त्याला सांगत सुटलो होतो. बायको म्हणाली, आता बस.

तर खरी अडचण ही. खान्देशाबद्दलचा माल भरपूर आहे, पण तो दुसऱ्याच नावांनी ठेवलेला आहे. जुन्या इंग्रजी नकाशांत खान्देश 'कँडीश' आहे, धुळं 'धुलिया' आहे. अकबराने सुभा घेतल्यावर मुलाच्या, दानियालच्या नावाने त्याचं 'दानदेश' केलं, म्हणून 'आईन-इ-अकबरी' या अकबराच्या काळातल्या ग्रंथाच्या भाषांतरात तेही नाव टाकून बघावं लागतं. मी वहीच्या मागच्या पानावर स्पेलिंगांची यादी करून ठेवलीय. गिऱ्हाइकाला पासवर्ड देईन, पण ती यादी देणार नाही.

सगळ्यात जास्त उघडलेली फाइल म्हणजे १८८०चं खान्देश गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड. जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन तुकडे १९०६ साली झाले, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबार सगळं या एकाच पोथीत येतं. पिकं, नद्या, जाती, व्यापार आणि शेवटी गावांची वर्णमालेप्रमाणे यादी. गावाचं नाव शोधायला बसलेला माणूस दोन तास उठत नाही. पण वाचताना एक ध्यानात ठेवा, हे कलेक्टर कचेरीचं डोकं आहे. भिल्लांचा विषय निघाला की लिहिणाऱ्याला आधी बंदोबस्त आठवतो, माणूस नंतर.

मराठी पुस्तकांबाबत हात आखडता घ्यावा लागतो. एका संग्रहातून उतरवलेल्या जुन्या मराठी पुस्तकाची मधली सोळा पानं गायब आणि एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. नावं रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी. देवनागरीत आतला शब्द शोधायचा तर नशिबावर सोडा. मी तर अनुक्रमणिकेचं पान झेरॉक्स काढून समोर ठेवतो.

शोधगंगेवर विद्यापीठांचे प्रबंध आहेत, आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचेही. प्रकरणागणिक फाइल वेगळी असते, हे माझ्या स्वस्तातल्या मोबाइलला सोयीचंच पडतं. दर्जा मात्र कमी-जास्त. आधी संदर्भसूचीचं प्रकरण उघडा. सूचीत दम असेल तरच पुढे वाचा.

अहिराणी ही आमची खान्देशातली बोली. तिच्यासाठी ग्रियर्सन या इंग्रज काळातल्या अधिकाऱ्याच्या भाषा-पाहणीत आधी सातवा खंड उघडला, कारण तो मराठीचा. तिथे काहीच नाही. ती 'खान्देशी' या नावाने निघाली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७), भिल्ल बोलींच्या शेजारी. इथेही पुन्हा भलत्याच कप्प्यात! गाव भांडेल यावरून. त्या पाहणीत बोलीबोलीत तीच बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट उतरवून घेतलीय. रोमन अक्षरांतून अडखळत मी ती आईला वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती. चार ओळी ऐकून म्हणाली, "हाई ते आपलीच बोली शे!" आणि मग माझे उच्चार दुरुस्त करायला लागली.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो अशासाठी की या सगळ्यानंतरही धुळ्याला जावं लागतंच. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले आणि १९२७ला तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड छापलेले म्हणून पडद्यावर वाचता येतात. हातच्या लिखाणाचं तसं नाही. मोडीतला कागद समोर धरून वाचणारा माणूस पडद्यावर कुठून आणायचा? पुढच्या सोमवारी दुकान बंद ठेवून निघतोय. यादी सोबत घेतलीय.