पळून आलो अन् शुगर वाढली, मशीनले उगाच शिव्या देल्या

दिवाळीनंतर वरुडच्या एका मेडिकलमधून बोट टोचून शुगर पाहायची मशीन घेतली, सोबत २५ पट्ट्या अन् टोचायचा पेन. कंपनीचं नाव घेत नाही, पहिल्या महिन्यात तिले इतकं बोललो की आता माझी मलेच लाज वाटते. शुगर माझी काठावरची, गोळी सुरू नाही, डॉक्टर म्हणाले चालत जा.

तर सकाळी उपाशीपोटी ११२, पाऊण तास धुऱ्याधुऱ्यानं फिरून आलो की ९८, म्हटलं पैसे वसूल. मग एका रविवारी पोलीस भरतीची पोरं शाळेच्या ग्राउंडवर सोळाशे मीटर मारत होती, काका या म्हणे, अन् मलेही चेव आला, शेवटचे दोन राउंड तर जीव तोडून पळालो. धापा टाकत घरी येऊन हात धुतले, टोचलं तर १५१! पोटात चहाचा घोट नाही अन् साखर आली कुठून? पुन्हा टोचलं, १४८. दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर मशीन ठेवली, म्हटलं भाऊ हे काय देलं. तो म्हणे, संत्रा सोलून तर नाही ना टोचलं? प्रश्न बरोबर होता, आमचा सिझनमधे दिवसभर हात संत्र्यातच, अन् रस बोटावर राहिला की आकडा खोटाच वर जातो, सॅनिटायझर चोळून भागत नाही, पाण्यानं धुवाच लागते. पण मी तर धुतले होते.

पुतणी नागपूरले नर्सिंगले आहे, ती फोनवर हसतच सुटली. म्हणे काका, मशीन खरं बोलते, साखर तुमच्या लिव्हरनं सोडली. पोटभर जेवलेल्या माणसाच्या लिव्हरमधे शंभरेक ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे साखरेचाच साठा, पडलेलं असते, रात्रभरात बरंच खर्चलं तरी काही उरते. स्नायूत तर याच्याहून जास्त, पण तो आपला साठा रक्तात परत देत नाही, म्हणून उपाशीपोटी ही ड्युटी लिव्हरची. अन् जोरात पळताना मेंदू साखर कमी पडायची वाटच पाहत नाही, पंगत बसायच्या आधीच आचारी कढई चढवते तसं. सिम्पथेटिक नसांमधून, म्हणजे धावपळीसाठी अंग तयार करणाऱ्या नसांमधून, हुकूम सुटते, किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथीतून ॲड्रिनॅलिन येते, स्वादुपिंडाले निरोप जाते की इन्सुलिन आवर, काही नसा तर थेट लिव्हरमधेच गेलेल्या. लिव्हर जितकी साखर ओतते तितकी स्नायू उचलत नाहीत, उरलेली आपल्या पट्टीवर दिसते. आरामात चालताना असा गोंधळ नसते.

म्हटलं मग सगळं नसांच्याच हातात काय? तर नाही. लिव्हर बदलतात त्या माणसाच्या नव्या लिव्हरच्या नसा कापलेल्याच असतात, तरी व्यायामात त्याचं लिव्हर साखर सोडते, हार्मोनवरच बरंच निभते. पण मेंदूचा हात आहे हे जुनंच, १८४९ मधे फ्रान्समधल्या क्लोद बर्नारनं सशाच्या मेंदूच्या बुडाशी सुई टोचली तर लघवीत साखर उतरली. आपण बोट टोचून रडतो, सशाचं पाहा.

पुढच्या रविवारी मुद्दाम पुन्हा पळालो, आल्याबरोबर १४९, तासाभरानं १०८. आता ११२ अन् ९८ मधला फरक तर मशीनचाच असू शकते, कारण १०० च्या वर १५ टक्के इकडंतिकडं नियमातच चालते, पण दोन्ही रविवारी दीडशेच्या आसपास म्हणजे तुक्का नाही. गोळी-इन्सुलिनवाल्यांनी माझ्या आकड्यांवरून काही ठरवू नका, त्यांचं गणित वेगळं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो थंडीसाठी, डिसेंबरात पहाटे ओट्यावर नेली की थर्मामीटरचं चित्र दाखवून गप्प बसते, मग शालीत दहा मिनिटं धरून बसा. अन् पट्ट्या महाग, त्यात डबीचं झाकण नीट लागत नाही, माझ्या चार पट्ट्या ओल लागून गेल्या.